प्रवेशानंतरची गणित-चाचणी

अहमदपूर हे नांदेड आणि लातूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे गाव. बारावीचा निकाल लागला, प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आले, की या गावातून व भोवतालच्या किनगाव, शिरूर ताजबंद, हाडोळती अशा गावांतून मुलेमुली एस. टी. ने दोन्ही दिशांना पांगतात. कोणी लातूरची वाट धरतो, कोणी नांदेडची, कोणी त्याहून दूर पुण्याची. प्रवेश निश्चित होतो, शुल्क भरले जाते, वसतिगृहात खाट मिळते, आणि परीक्षांचे दिवस तूर्त सरले असे घरच्यांस वाटू लागते. तोच काही महाविद्यालयांत पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकावर एक कागद झळकतो : प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी गणिताच्या चाचणीस बसावे. मुलगा घाबरून घरी फोन करतो. वडील विचारतात, "आता आणखी कसली परीक्षा? मिळालेला प्रवेश तर जाणार नाही ना?"

हा प्रश्न स्वाभाविक आहे. कारण आपल्याकडे परीक्षा म्हणजे दार, आणि उत्तीर्ण होणे म्हणजे त्या दारातून आत जाणे, अशीच समजूत रूढ आहे. परंतु प्रस्तुत चाचणी दाराशी घेतली जात नाही. विद्यार्थी आत आल्यानंतर घेतली जाते. कोणास आत घ्यावे हे तिला ठरवावयाचे नसते. आत आलेल्याने जिन्याच्या कोणत्या पायरीपासून चढावयास आरंभ करावा, एवढेच तिला पाहावयाचे असते. हिला स्तरचाचणी म्हणणे योग्य होईल. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत ही पद्धत जुनी आहे, आणि तेथे शिकावयास जाणाऱ्या मराठी मुलांनाही तिला सामोरे जावे लागते. आपल्याकडे ती अभियांत्रिकीच्या व विज्ञानाच्या काही संस्थांत पूर्वतयारीच्या वर्गाचा, म्हणजे ज्याला ब्रिज कोर्स म्हणतात त्याचा, पहिला भाग म्हणून घेतली जाते.

दोन्ही परीक्षांतील भेद नीट ध्यानात यावा म्हणून महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचेच उदाहरण घेऊ. तिच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न असतात, प्रत्येकास २ गुण, आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास १ मिनिट ४८ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून न येणाऱ्या प्रश्नासही काही तरी खूण करून ठेवणे हे तेथे शहाणपणाचेच ठरते. निकाल येतो तो शतमानात, ज्यास पर्सेंटाइल म्हणतात. एखाद्यास ९० पर्सेंटाइल मिळाले म्हणजे त्याला शंभरांतील नव्वद गोष्टी येतात असे नव्हे. परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के त्याच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा इतरांच्या तुलनेतील स्थान सांगतो. विद्यार्थ्यास अपूर्णांक पक्के येतात की नाहीत, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि ते सांगणे हे त्या परीक्षेचे कामही नव्हे. स्तरचाचणीस मात्र नेमके तेच हवे असते.

लातूर परिसरातील विद्यार्थ्यास हा भेद उमगणे अधिक अगत्याचे आहे. 'लातूर पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीत सराव-परीक्षांची अखंड मालिका, वेळेचा काटेकोर हिशेब आणि चुकांची पुन्हा पुन्हा उजळणी यांवर भर असतो. या पद्धतीने लहान गावांतील असंख्य मुलांस मोठ्या संस्थांचे दरवाजे उघडून दिले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि दोन वर्षे गुणांच्या शर्यतीत धावलेला विद्यार्थी स्तरचाचणीसही शर्यत समजतो, आणि तेथेच त्याची फसगत होते.

अशा चाचणीची गरज का भासते? कारण एका वर्गात बसणारे सर्व विद्यार्थी एकाच वाटेने आलेले नसतात. कोणी बारावीस गणित कसून शिकलेला असतो. कोणी दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे घालवून पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात येतो. कोणाचे लक्ष वैद्यकीय प्रवेशाकडे असल्यामुळे त्याने जीवशास्त्रास जवळ केलेले व गणितास दूर ठेवलेले असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या वर्षाच्या नियमांत अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी पात्र विषयांची यादी विस्तृत केली, तेव्हा भिन्न पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी रेखन या विषयांचे पूरक वर्ग विद्यापीठांनी चालवावेत असेही त्यात नमूद केले. पूरक वर्ग चालवावयाचे तर कोणास काय पूरक हवे हे आधी कळावयास हवे. न पाहताच सर्वांना एकच औषध देणारा वैद्य जसा विश्वासास पात्र नाही, तसाच असा शिक्षकही नाही.

गणिताच्या बाबतीत ही पाहणी शक्य होते, कारण या विषयास स्वभावतःच पायऱ्या आहेत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'लीलावती'ची रचना पाहिली तरी हे दिसून येते. तीत आरंभी मापांच्या परिभाषा आहेत, मग पूर्णांकांवरील आठ परिकर्मे, मग अपूर्णांकांवरील तीच परिकर्मे, मग शून्याचा विचार, आणि त्यानंतर पुढे त्रैराशिकासारखे विषय. ज्यास अपूर्णांकांचा भागाकार येत नाही त्याच्या हाती त्रैराशिक टिकणार नाही. आजचे कलनशास्त्रही याच नियमास बांधलेले आहे. अवकलन चुकले असे ज्या उत्तरपत्रिकेवर दिसते, तेथे पुष्कळदा अवकलन बरोबर असते आणि त्यानंतरची बीजगणितातील साधी मांडणी चुकलेली असते.

आता या चाचणीतील प्रश्न कसे असतात ते पाहू. पहिला प्रश्न असा असू शकेल : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? उत्तरांचे पर्याय चार : दोन पंचमांश, एक षष्ठांश, पाच षष्ठांश आणि एक पूर्णांक. यांतील प्रत्येक चुकीचा पर्याय हेतुपुरस्सर घातलेला असतो. दोन पंचमांश हे उत्तर देणाऱ्याने अंशात अंश व छेदात छेद मिळविला. एक षष्ठांश म्हणणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. दोन पंचमांश ही संख्या अर्ध्याहून लहान आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, हा विचारच त्याच्या मनात आला नाही. याचा अर्थ त्यास नियम विसरला एवढाच नसून, उत्तर तपासण्याची सवयही नाही असा होतो. प्रवेशपरीक्षेच्या यंत्रास दोन्ही उत्तरे सारखीच चूक; स्तरचाचणी वाचणाऱ्या शिक्षकास मात्र ती दोन निरनिराळी दुखणी होत.

दुसरा प्रश्न टक्केवारीचा. समजा, सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,००० रुपये होता. तो २० टक्क्यांनी उतरला आणि नंतर २० टक्क्यांनी चढला. तर आता भाव किती? पुष्कळ जण झटकन ४,००० म्हणतात. प्रत्यक्षात उतरल्यावर तो ३,२०० झाला, आणि ३,२०० चे २० टक्के म्हणजे ६४०. म्हणून नवा भाव ३,८४०. मोंढ्यात वडिलांबरोबर उभा राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा हे १६० रुपये सहसा सोडणार नाही. परंतु तोच मुलगा कागदावर ते सोडून देतो. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते, आणि ते 'कशाची' बदलले की टक्केवारीचा अर्थ बदलतो, हे येथे पारखले जाते.

तिसरा प्रश्न बीजगणिताचा : (अ + ब) चा वर्ग म्हणजे काय? अ वर्ग अधिक ब वर्ग, असे उत्तर महाविद्यालयापर्यंत पोचलेले विद्यार्थीही देतात. अ च्या जागी ३ आणि ब च्या जागी ४ घालून पाहावे. बेरीज ७, तिचा वर्ग ४९; पण ९ आणि १६ मिळून होतात २५ च. राहिलेले २४ म्हणजे दोनदा अ गुणिले ब. चौथा प्रश्न वर्गमुळाचा : ९ अधिक १६ या बेरजेचे वर्गमूळ किती? ३ अधिक ४ म्हणून ७ असे कोणी लिहितो. खरे उत्तर २५ चे वर्गमूळ, म्हणजे ५. पाचवा त्रिकोणमितीचा : साइन ३०° मध्ये साइन ३०° मिळविला तर साइन ६०° मिळतो काय? साइन ३०° म्हणजे अर्धा, दोन अर्धे मिळून १. आणि साइन ६०° आहे सुमारे ०.८६६. म्हणजे मिळत नाही.

वरवर पाहता हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या प्रकरणांतील आहेत. पण ते तिन्ही चुकणाऱ्या विद्यार्थ्याची चूक एकच आहे. कोणतीही क्रिया बेरजेवर करावयाची म्हणजे ती प्रत्येक पदावर वेगळी करून मिळविली की झाले, असे त्याने मनाशी धरलेले असते. गुणाकाराच्या बाबतीत हे खरे आहे : ५ गुणिले (३ + ४) म्हणजे १५ अधिक २० च. तेथे खरा ठरलेला नियम त्याने सर्वत्र लागू केला. अशा विद्यार्थ्यास तिन्ही प्रकरणे पुन्हा शिकविण्याचे कारण नाही. ही एक समजूत दूर केली, आणि शंका आली की लहान आकडे घालून पाहण्याची सवय लावली, की तिन्ही प्रकरणे एकदम सुधारू लागतात. स्तरचाचणीचा खरा लाभ तो हाच. चुकांची संख्या मोजण्याऐवजी चुकांचे नाते ओळखणे, हे तिचे काम होय.

हे काम आता संगणकही करू लागला आहे. ज्यां-क्लोद फाल्मान्य व ज्यां-पॉल द्वान्यों या दोघा शास्त्रज्ञांनी १९८५ साली एक उपपत्ती मांडली. एखाद्यास एक गोष्ट येते, यावरून तिच्या आधीच्या कोणत्या गोष्टी त्यास येत असल्या पाहिजेत, आणि आता कोणती नवी गोष्ट शिकावयास तो तयार आहे, याचा नकाशा कसा काढावा, हा तिचा विषय. या उपपत्तीवर पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत 'अ‍ॅलेक्स' नावाची चाचणी तयार झाली. तीत जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात. परंतु पुढचा प्रश्न कोणता यावयाचा हे आधीच्या उत्तरांवरून ठरते. तिच्यातील एक बटण आपल्याकडील विद्यार्थ्यास विशेष नवलाचे वाटेल. त्यावर 'मला माहीत नाही' अशा अर्थाचे शब्द असतात. प्रश्न सर्वस्वी अनोळखी असेल तर अंदाजाने काही लिहिण्यापेक्षा तेच बटण दाबावे, असे तेथे अपेक्षित असते.

'माहीत नाही' असे सांगणे प्रवेशपरीक्षेत वेडेपणाचे, मग येथे ते शहाणपणाचे कसे? हिशेब करून पाहू. समजा, एका चाचणीत २० प्रश्न आहेत, प्रत्येकास चार पर्याय आहेत, आणि १४ उत्तरे बरोबर आली तर विद्यार्थी वरच्या वर्गात जातो. एका विद्यार्थ्यास १२ प्रश्न खरोखर येतात. उरलेल्या ८ प्रश्नांवर त्याने डोळे मिटून खुणा केल्या, तर सरासरीने त्यांतील २ बरोबर येतील. झाले १४, तो वरच्या वर्गात गेला. घरी आनंद होईल. पण त्या वर्गातील शिक्षक, विद्यार्थ्यास १४ गोष्टी येतात असे धरून पंधरावीपासून शिकवू लागतील. मधल्या दोन गोष्टी त्यास कोणीच शिकविणार नाही. कारण त्या आपणास येतात असे त्यानेच लिहून दिलेले आहे. प्रथम वर्षाच्या गणितास विद्यार्थी आपल्या बोलीत 'एम-वन' म्हणतात, आणि त्यात अडकून पडलेल्यांच्या कथा वसतिगृहांत नित्य ऐकू येतात. त्यांतील कित्येक कथांचा आरंभ अशाच न शिकलेल्या दोन पायऱ्यांपाशी होत असला पाहिजे.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यापुढे गणिताबरोबर आणखी एक अडचण उभी राहते, ती भाषेची. आणि ती आजची नव्हे. निजामी राजवटीत अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आणि १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर त्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. हैदराबाद संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम तेव्हा उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास तेथे त्रिकोणाची ओळख 'मुसल्लस' या नावाने करून घ्यावी लागे. आज उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आहे. दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या विद्यार्थ्यास विज्ञानशाखेत व अभियांत्रिकीत एकाएकी इंग्रजी संज्ञा भेटतात. सेमी-इंग्रजी शाळांतून आलेल्यांस हा त्रास कमी. इतरांस तो बराच.

या संज्ञांत काही ठिकाणी मराठीच अधिक नेमकी आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. भूमितीत शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत काढलेल्या रेषाखंडास मराठीत मध्यगा म्हणतात, आणि संख्याशास्त्रात चढत्या क्रमाने मांडलेल्या संख्यांतील मधल्या संख्येस मध्यक. इंग्रजीत दोहोंना मीडियन हा एकच शब्द. आकृती असेल तर आपण चौरस म्हणतो, संख्या असेल तर वर्ग. इंग्रजीत दोन्ही स्क्वेअर. ज्या मुलास मध्यक काढता येतो पण मीडियन म्हणजे काय हे उमगत नाही, त्याचे गणित कच्चे नाही. त्याचा कोश अपुरा आहे. म्हणून चाचणीनंतर आपली उत्तरपत्रिका पाहावयास मिळाली, तर प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक खूण करावी : येथे गणित अडले की शब्द? शब्द अडला असेल तर त्यावर उपाय सोपा. एका वहीत डावीकडे शालेय पुस्तकातील मराठी संज्ञा व उजवीकडे तिचा नवा पर्याय लिहीत गेले, तर काही आठवड्यांत ही भिंत उतरते. गणित अडले असेल तर पूरक वर्गाची गरज आहे.

अर्थात ही चाचणी अचूक असते असे मानण्याचे कारण नाही. कोलंबिया विद्यापीठातील एका संशोधनकेंद्राने २०१२ साली अमेरिकेतील स्तरचाचण्यांची पाहणी केली, तेव्हा गणिताच्या चाचणीने सुमारे चारांत एक विद्यार्थी फारच चुकीच्या वर्गात बसविला जातो असे आढळले. आणि पात्रतेपेक्षा खालच्या वर्गात गेलेल्यांचे प्रमाण अधिक होते. तेथे खालच्या वर्गाचे शुल्क भरावे लागते, वर्ष लांबते, आणि त्या वर्गाचे श्रेयांक बहुधा पदवीत धरले जात नाहीत. कित्येक विद्यार्थी कंटाळून शिक्षणच सोडून देतात. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा करून, आपल्या सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालयांनी केवळ एका चाचणीवर न विसंबता विद्यार्थ्याची शाळेतील कामगिरी मुख्यतः लक्षात घ्यावी असे ठरविले. यातून आपणही बोध घ्यावा. चाचणीच्या दिवशी ताप होता, संगणक हाताळण्याची सवय नव्हती, प्रश्नाची भाषा कळली नाही, असे काही घडले असेल, तर विद्यार्थ्याने ते संकोच न करता शिक्षकांस सांगावे व पुन्हा पारख करण्याची विनंती करावी. तसेच पूरक वर्ग हा विद्यार्थ्याच्या कपाळी मारलेला शिक्का होऊ नये, याची काळजी संस्थेनेही घेतली पाहिजे.

तयारी करावी की करू नये, असाही प्रश्न विचारला जातो. थोडी करावी. गंजलेली वस्तू पुसून घेणे आणि नवी वस्तू उसनी आणणे यांत अंतर आहे. शाळा सुटून काही महिने लोटले असतील तर दहापंधरा दिवस, रोज तासभर, पूर्वी आलेल्या गोष्टी चाळाव्यात. त्यासाठी जाडजूड मार्गदर्शक विकत घेण्याचे प्रयोजन नाही. नववी व दहावीची बालभारतीची गणिताची पुस्तके पुरेशी आहेत. वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती ही प्रकरणे क्रमाने घ्यावीत, आणि प्रत्येकातील चारपाच उदाहरणे गणकयंत्रावाचून सोडवावीत. मात्र कधीच न समजलेले सूत्र आदल्या रात्री पाठ करून जाऊ नये. ते उत्तर देईल, आणि आठ दिवसांत विसरले जाईल. परंतु ते येते अशी नोंद मागे राहील. प्रत्यक्ष चाचणीत कच्चे काम कागदावर मांडावे. शेजाऱ्याचे पाहू नये. कारण त्याची पायरी त्याला लखलाभ, ती आपल्या उपयोगाची नाही.

राहिला प्रश्न घरच्या माणसांचा. अहमदपूरच्या त्या वडिलांचा पहिला प्रश्न आता सुटला आहे : प्रवेश जाणार नाही. पण त्यांच्या मनात दुसरा प्रश्न असतोच, आणि चाचणीचा निकाल लागताच तो येतो : "किती मिळाले?" मुलगा सांगतो, वीसपैकी अकरा, आणि पूरक वर्गास नाव आले आहे. येथे क्षणभर शांतता पसरते. दहावीस गणितात नव्वदांच्या वर गुण असलेल्या मुलास पूरक वर्ग! गावात कोणास सांगावे की नाही, इथपर्यंत विचार जातो. अशा वेळी वडिलांनी दुसराच प्रश्न विचारावा : "चुकले ते काय होते?" मुलास याचे उत्तर नेमके देता आले, अपूर्णांक ठीक आहेत पण घातांक व लॉगरिदम डळमळीत आहेत असे तो सांगू शकला, तर चाचणीचे काम झाले. उत्तर देता आले नाही, तर उत्तरपत्रिका पाहावयास मागून घेण्यास त्यास सांगावे. पूरक वर्ग बहुधा काही आठवड्यांचाच असतो; पहिल्या सत्राचा मुख्य गणिताचा पेपर त्यापुढे तीनचार महिन्यांनी येतो. घातांक व लॉगरिदम पक्के करून घेण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे.